पंचकर्माला जाताय? आधी एकवीस दिवस मोकळे करा

मुळशी, पानशेत, कार्ला, लोणावळा या पट्ट्यातल्या कुठल्याही पंचकर्म केंद्राचं माहितीपत्रक उघडा, पहिल्या पानावर बहुतेक एकच फोटो असतो. डोळे मिटून आडवी पडलेली बाई आणि तिच्या कपाळावर तेलाची धार. ही शिरोधारा. सुखाची गोष्ट आहे, मीही घेतली आहे, अर्ध्या-पाऊण तासात छान झोप लागते. पण ती पंचकर्मांतली नव्हे. पाच कर्मं म्हणजे वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. साध्या भाषेत उलटी, जुलाब, एनिमा, नाकात औषध आणि रक्त काढणं. यातल्या कशाचाच फोटो पहिल्या पानावर शोभणार नाही हे मान्य, पण आपण पैसे कशासाठी भरतोय हे आपल्याला तरी माहीत असावं.

मी दोनदा केलं. पहिल्यांदा मुळशीच्या बाजूला, ‘सात दिवसांत संपूर्ण डिटॉक्स’ असं पॅकेज घेऊन. दुसऱ्यांदा पेठेतल्या एका वैद्यांकडे, थोडं घरी आणि थोडं दवाखान्यात राहून. पहिल्या वेळी खर्च जास्त झाला आणि परतल्यावर तीन आठवडे पोट ताळ्यावर नव्हतं. चूक तिथल्या तेलाची नव्हती, माझ्या रजेच्या अर्जाची होती.

आधी दिवसांचा हिशोब

विरेचनाचं उदाहरण घेऊ, कारण पुण्यात बहुतेकांना तेच सुचवलं जातं. आधी ३ ते ५ दिवस पाचनाची औषधं. मग ३ ते ७ दिवस स्नेहपान, म्हणजे रोज सकाळी औषधी तूप. मग ३ दिवस अंगाला तेल आणि वाफ. एक दिवस प्रत्यक्ष विरेचन. आणि त्यानंतर ३ ते ७ दिवस संसर्जन, म्हणजे पेजेपासून पोळीपर्यंत पायरीपायरीनं परत येणं. सगळीकडे कमीत कमी आकडा धरला तरी १३ दिवस होतात. साधारण प्रकृतीच्या माणसानं २१ धरून चालावं.

आता हे सात दिवसांत बसवून दाखवा. बसत नाही. म्हणून सात दिवसांच्या पॅकेजमध्ये आधीचं पाचन आणि नंतरचं संसर्जन कापलेलं असतं, आणि स्नेहपान दोन-तीन दिवसांत उरकलेलं असतं. उरतं काय, तर मालिश, वाफ आणि जुलाब. मला मिळालं ते हेच.

याचा अर्थ केंद्रात तीन आठवडे राहायला हवं असा नाही. पाचन घरून, नोकरी सांभाळून होतं. संसर्जनही घरी होतं, किंबहुना घरीच बरं होतं. सात दिवसांचा मुक्काम घ्यायचाच तर तो शेवटचं स्नेहपान, मधले तीन दिवस आणि विरेचन यांच्यावर बसवा, आणि पुढचा आठवडा ऑफिसात कुणालाही शब्द देऊ नका. केंद्राला फोनवर एवढंच विचारा, “पाचन आणि संसर्जन कधी, कुठे आणि कुणाच्या देखरेखीखाली?” उत्तरादाखल नाश्त्याचा मेनू ऐकू आला तर फोन ठेवा.

आणि खरोखर चारच दिवस हातात असतील? मग शोधनाच्या, म्हणजे वमन-विरेचनासारख्या शुद्धीच्या वाटेला जाऊच नका. अभ्यंग (तेलाची मालिश), स्वेदन (वाफ), शिरोधारा, हलकं जेवण, लवकर झोप एवढंच घ्या. वैद्यांना योग्य वाटलं तर तेलाची छोटी मात्राबस्ती. शिणलेल्या माणसाला तेवढ्यानंही बरं वाटतं, आणि सोमवारी कामावर जाता येतं. त्याला डिटॉक्स म्हणू नका म्हणजे झालं. शरीरातली रोजची सफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतातच. आयुर्वेद ज्याला आम, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा अंश म्हणतो, ते रक्ततपासणीत दिसणारं विष नव्हे. दोन्ही शास्त्रांचे शब्द एका पातेल्यात ढवळले की फक्त जाहिरात शिजते.

तारीख काढताना कालनिर्णय समोर ठेवा

शास्त्र सांगतं, वसंतात वमन, वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन. आपल्याकडे आयुर्वेद महाविद्यालयांची वासंतिक वमनाची शिबिरं फेब्रुवारीपासून सुरू होतात ती याच हिशोबानं. (आजार असेल तर वैद्य ऋतू बघत बसत नाहीत. हे निरोगी माणसाच्या शुद्धीचं गणित आहे.)

अडचण ऋतूंची नाही, सणांची आहे. वमनानंतरचं संसर्जन नेमकं होळीच्या पुरणपोळीवर नाही तर पाडव्याच्या श्रीखंडावर येऊन आदळतं. विरेचन दसऱ्यानंतर सुरू करावं तर दसरा ते नरकचतुर्दशी मध्ये एकोणीसच दिवस, म्हणजे घरात चकलीचा घाणा चालू आणि तुम्ही पेजेवर. माझ्या वैद्यांनी तोडगा दिला तो पितृपक्षाचा. अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दुसऱ्या दिवशी पाचन सुरू. त्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही, कुणी जेवायला बोलावत नाही. विरेचन सर्वपित्रीच्या आसपास, संसर्जन नवरात्राच्या पहिल्या पाच दिवसांत संपतं, दसऱ्याला तुम्ही मोकळे. एकच पेच राहतो, नवरात्राचे उपास. आमच्याकडे सासूबाईंनी तो सोडवला. म्हणाल्या, “उपास मी करते, तू पेज पी.” साबुदाण्याची खिचडी आणि संसर्जन एका पोटात मावत नाही.

बायकांनी पाळीची तारीखही धरावी. पाळी संपल्यावर स्नेहपान सुरू केलं की मुख्य दिवस मध्येच अडत नाही. पहिल्या भेटीत हे तुम्हीच सांगा, संकोच नको.

कुठे जायचं

पुण्यात पर्याय भरपूर आहेत. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून आहे आणि त्याला जोडलेलं ताराचंद रुग्णालय जुन्या पुणेकरांना तोंडपाठ आहे. सदाशिव पेठेत अष्टांग आयुर्वेद, धनकवडीला भारती विद्यापीठाचं आयुर्वेद महाविद्यालय. महाविद्यालयाच्या रुग्णालयात पडद्याला इस्त्री नसेल, पण पंचकर्माचे पदव्युत्तर विद्यार्थी उशाशी बसून नाडी बघतात. निवासी हवं असेल तर कार्ल्याला बालाजी तांब्यांनी उभं केलेलं आत्मसंतुलन व्हिलेज आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. उरुळीकांचनचा आश्रम म्हणजे निसर्गोपचार. गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला. तिथे मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, उपवास, रसाहार. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासूनचं, ते मुळात योगाचं. ही दोन्ही नावाजलेली ठिकाणं आहेत, पण उरुळीला जाऊन “स्नेहपान कधी?” विचारलंत तर ते हसतील. निसर्गोपचारात तुपाचे पेले रिचवत नाहीत.

नवीन केंद्र असेल तर वैद्यांचं नाव आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक मागा. वैद्य रात्री मुक्कामाला असतात का, ते विचारा. जुलाब दुपारी चारला थांबतीलच असं नाही. स्नेहपान किती दिवसांचं, या प्रश्नाला “सगळ्यांना तीन दिवस” असं उत्तर आलं तर सावध व्हा. ते प्रत्येकाच्या कोठ्यावर ठरतं, आधी सांगताच येत नाही. बाईला मालिश करायला बाई आणि पुरुषाला पुरुष, बस्तीचं साहित्य दर वेळी नवं, आणि जवळचं मोठं रुग्णालय किती मिनिटांवर, हेही विचारून घ्या. ताम्हिणीच्या अलीकडे डोंगरात वसलेल्या सुंदर जागेचा हा शेवटचा प्रश्न जरा अडचणीचा असतो.

विम्याचं म्हणाल तर आयुष उपचारांचं संरक्षण अनेक पॉलिसींत असतं, पण निव्वळ आरोग्यवर्धनासाठीचा मुक्काम सहसा त्यात बसत नाही. आधी लेखी विचारा.

आधीचे पंधरा दिवस

हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, चाळिशीनंतर ईसीजी. पहिल्या केंद्रात माझा रक्तदाबसुद्धा कुणी पाहिला नव्हता, दुसऱ्या ठिकाणी रिपोर्ट बघितल्याशिवाय तुपाचा चमचा दिला नाही. गरोदर बाई, फार अशक्त किंवा वयस्कर माणूस, हृदयविकाराचा रुग्ण, आटोक्यात नसलेला रक्तदाब यांनी वमन-विरेचनाचा हट्ट धरू नये. पित्ताशयात खडे असतील तर ते आवर्जून सांगा, कारण भरपूर तूप पोटात गेलं की तिथली कळ उठू शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं झालं पाहिजे. नेहमीचा डोस आणि वर दोन वाट्या पेज, यात साखर धोकादायकरीत्या खाली जाते. रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

आता चहा. पुणेकराला हे सांगणं जिवावर येतं, पण अमृततुल्यला रामराम पंधरा दिवस आधी घाला. एकदम नको, चारचे तीन, तीनचे दोन असं. दिवसाला चार कप पिणाऱ्यानं एकदम चहा सोडला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, आणि ते दोनपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. केंद्रात त्याला “विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत” म्हणतात. नाही हो, तो चहा बाहेर पडतोय. घरीच सोडवून गेलात तर मुक्कामाचे पहिले तीन दिवस कपाळ धरून बसावं लागत नाही.

सामानात जुने सुती कपडे घ्या, जे परत येताना टाकून दिले तरी चालतील. तेलाचे डाग जात नाहीत. जुना टॉवेल, न घसरणारी चप्पल, थर्मास, कानाला बांधायला रुमाल, तेल काढायला डाळीचं पीठ. आणि एक वही.

स्नेहपान: खरी परीक्षा इथे

लोक जुलाबांना घाबरतात. घाबरायचं असेल तर तुपाला घाबरा. सकाळी उजाडता-उजाडता, रात्रीचं जेवण पचलेलं असताना, रिकाम्या पोटी औषधी तूप प्यायचं. कडू औषधांत सिद्ध केलेलं असेल तर त्याचा वास चार हातांवरून येतो. मला पहिल्या दिवशी ३० मिली दिलं आणि मग रोज वाढवत नेलं. किती आणि कसं वाढवायचं, हे आदल्या दिवशीचं तूप किती वेळात पचलं त्यावर वैद्य ठरवतात. म्हणून वही. तूप किती वाजता घेतलं, तहान कधी लागली, ढेकर तुपाचा यायचा कधी थांबला, भूक कधी लागली, हे वेळेसकट लिहा. “काल बरं होतं” एवढ्यावर कुणालाही मात्रा ठरवता येत नाही.

प्यायची युक्ती अशी. तूप कोमट करून घ्या, नाक धरून एका दमात संपवा, लगेच गरम पाण्याचे दोन घोट, आणि लिंबाची फोड चोखा किंवा लवंग दाढेखाली धरा. घोट-घोट पिऊ नका, तिसऱ्या घोटाला पोट उलटतं. मग आडवं न होता शांत बसा किंवा हळू येरझाऱ्या घाला. दिवसभर प्यायचं ते गरम पाणीच.

आणि भूक लागेपर्यंत खायचं नाही. घड्याळात एक वाजला ही भूक नव्हे. ढेकर स्वच्छ आला, अंग हलकं वाटलं, पोटात खरी आग पडली की मग मऊ भात, मुगाचं पातळ वरण. तिसऱ्या दिवशी मला भूक दुपारी तीनला लागली. वैद्यांना फोन केला तर म्हणाले, “उत्तम. उद्या जरा उशिरा लागेल, घाबरू नका.” पंखा थेट अंगावर नको, एसी नको, दुपारची झोप नको. पितृपक्षात घरात खीर आणि वडे होते तो दिवस मात्र मी गॅलरीत बसून काढला.

अंगाला मऊपणा येतो, शौच तुपकट होतं आणि तुपाचं नाव काढलं तरी नको वाटतं, ही पुरेसं झाल्याची चिन्हं. ती कुणाला तिसऱ्या दिवशी दिसतात, कुणाला सातव्या.

नंतरचे तीन दिवस सोपे. तेल, वाफ, हलकं जेवण. इथे माहितीपत्रकातल्यासारखं वाटतं.

विरेचनाचा दिवस

हा दिवस घरी, एकट्यानं, कुणीतरी पाठवलेल्या पुडीवर करू नका. सकाळी तेल-वाफ झाली की औषध देतात, बहुधा त्रिवृताचा लेह नाहीतर काढा, आणि मग वाट बघायची. मधून-मधून गरम पाण्याचे घोट. वेग, म्हणजे किती वेळा जुलाब झाले ते मोजायचं आणि वहीत उभ्या रेघा मारायच्या. ग्रंथांत १०, २० आणि ३० वेग अशी हीन, मध्यम आणि उत्तम शुद्धीची मोजणी आहे. पण ही स्पर्धा नाही. माझ्या शेजारच्या खोलीतले काका दर वेळी दारातून आकडा ओरडून सांगत होते आणि अठराव्यानंतर त्यांना भिंत धरून चालावं लागलं. चक्कर, छातीत धडधड, रक्त, पायांत गोळे, यातलं काहीही झालं तर लगेच सांगा. शेवटी चिकट, कफासारखं पडतं आणि वेग आपोआप थांबतात.

वमनाबद्दल एवढंच सांगते की माझ्या नवऱ्यानं केलं आहे. गळ्यापर्यंत दूध पाजतात आणि मग औषध देतात. तिथे वैद्य अक्षरशः पाठीवर हात ठेवून बसलेले हवेत, वेगांच्या मध्ये नाडी आणि रक्तदाब बघणारे. रिसॉर्टमधल्या वमनाचा विचार करू नका.

बस्ती त्या मानानं सौम्य, पण तिचेही क्रम असतात. ८ दिवसांचा योगबस्ती, १६ चा कालबस्ती, ३० चा कर्मबस्ती. आणि जितके दिवस बस्ती, त्याच्या दुप्पट दिवस पथ्य. आठ दिवसांचा बस्ती घेणाऱ्यानं सोळा दिवस वडापावकडे बघायचं नाही, हे पॅकेज विकणारा सांगत नाही.

संसर्जन: इथे पैसे वसूल होतात

पहिल्या वेळी मी विरेचनाच्या दुसऱ्याच दिवशी घरी निघाले. चांदणी चौकात आल्यावर वाटलं, इतकं हलकं आपल्याला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं. त्या आनंदात मिसळ खाल्ली. पुढचे तीन आठवडे पोटफुगी, पातळ शौच, आणि कमी झालेलं अडीच किलो वजन व्याजासकट परत. (ते वजन तसंही बहुतेक पाणी आणि रिकामं आतडं असतं. काट्याचा फोटो काढून कुणाला पाठवू नका.)

विस्तव विझत आल्यावर त्यावर ओंडका टाकत नाहीत. आधी काटक्या, मग शेणी, मग लाकूड. संसर्जन म्हणजे तेच. किती दिवस, हे शुद्धी कशी झाली त्यावर: उत्तम शुद्धीला १२ जेवणं, मध्यम शुद्धीला ८, हीन शुद्धीला ४. दिवसांत सांगायचं तर सात, पाच आणि तीन. म्हणजे ज्याला चांगले जुलाब झाले त्यालाच जास्त दिवस जपायचं आहे. बहुतेकांना हे उलट वाटतं.

उत्तम शुद्धी झालेल्या माणसाचा क्रम घरच्या भाषेत असा. विरेचनाच्या संध्याकाळपासून तीन जेवणं नुसती तांदळाची पातळ पेज, शितं थोडी, चिमूटभर सैंधव. पुढची तीन विलेपी. तांदळाच्या चौपट पाण्यात शिजवलेला गिच्च भात, सासूबाई हिला आटवल म्हणतात आणि आजारी माणसाला हीच देत आल्या आहेत. तांदूळ आधी कोरडे भाजून घेतले की हलकी होते. पुढची तीन जेवणं मुगाचं कढण. त्यात आधी फोडणी नाही, मग तूप-जिऱ्याची बारीक फोडणी आणि सुंठ. शेवटची तीन, शास्त्रानुसार मांसरस. आम्ही शाकाहारी, म्हणून आम्हाला वरण-भात आणि दुधी. मग ज्वारीची भाकरी किंवा फुलका. कच्ची कोशिंबीर, दही, आंबवलेलं, तळलेलं सगळं त्याच्याही नंतर.

अडचण चवीची नसते, कंटाळ्याची असते. पाचव्या जेवणाला माणूस चिवड्याच्या डब्याकडे बघायला लागतो. मी केलं ते असं: आठवडाभराचे तांदूळ आधीच भाजून भरून ठेवले, घरच्यांचं जेवण टेबलावर आणि माझं स्वयंपाकघरात, आणि खोलीत फिरकणाऱ्या भाचरांना खाऊ बाहेर खायला सांगितला. केंद्रातून निघताना या क्रमाचा कागद तुमच्या नावानं लिहून मागा. छापील ‘हलका आहार घ्या’ हा कागद नव्हे.

परतल्यावर

ग्रंथांनी शोधनानंतर आठ गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत: मोठ्यानं किंवा फार बोलणं, गाडीचे धक्के, फार चालणं, फार वेळ बसून राहणं, अजीर्ण, अपथ्य खाणं, दिवसा झोपणं आणि मैथुन. पहिल्या चारांत हिंजवडीतली अख्खी नोकरी आली. म्हणून वर म्हटलं, पुढचा आठवडा कुणाला शब्द देऊ नका. येतानाही रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या गर्दीत सापडू नका. आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी निघा, आणि गाडी स्वतः चालवू नका.

च्यवनप्राश, रसायन औषधं हे सगळं संसर्जन पूर्ण झाल्यावर, भूक नीट लागायला लागली की. निघताना काउंटरवर मांडलेले डबे सरसकट उचलू नका. विशेषतः भस्म किंवा रसौषधी, म्हणजे धातू किंवा पारा वापरून केलेलं औषध असेल तर लेबल, परवाना क्रमांक आणि वैद्यांची चिठ्ठी असल्याशिवाय घेऊच नका. सुट्या पुड्यांतून पारा किंवा शिसं पोटात गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

पंधरा दिवसांनी वही घेऊन वैद्यांकडे पुन्हा एकदा जा, झोप, भूक आणि शौच एवढ्या तीनच गोष्टी सांगायला. मी गेले तेव्हा त्यांनी वही चाळली, कोजागरीला मसाला दूध चालेल म्हणाले, अर्धा पेला. मिसळ मी त्यानंतर चार दिवसांनी खाल्ली, तर्री वेगळी मागवून.